कुंपणाला सहा फेऱ्या

सौदीत रास तनुराच्या बाजूला आमचा कॅम्प होता. तिथं एसीची जाळी आज धुतली की उद्या सकाळी पुन्हा वाळूनं भरलेली. किश्शांचंही तसंच. चार माणसं एका खोलीत, आठ बाय दहाच्या! नवीन किस्सा तयार व्हायला कितीसा वेळ लागतो? एक सांगून झटकून टाकावा, तर मागं दोन जमलेले.

मी बबन. गाव संगमेश्वरजवळ, शाळा सातवीपर्यंत, तीही मास्तरांच्या दयेनं. सौदीत मी रिगर. म्हणजे क्रेनच्या हुकाला माल बांधायचा आणि खाली उभं राहून ऑपरेटरला हातानं खुणा करायच्या. उरलेल्या वेळात लोकांच्या खोड्या काढायच्या. हे दुसरं काम मी जास्त मन लावून केलं. दोन हजार चार-पाचच्या सुमाराचे हे किस्से. आजवर हसवायला म्हणून सांगत आलोय. पण यातले निम्मे सांगताना माझेच कान गरम होतात, हे आधीच सांगून ठेवतो.

*

सुरुवात केरबापासून. केरबा आमचा वेल्डर, कराडकडचा. पोट एवढं मोठं, की वेल्डिंगचा मास्क खाली ओढला तर तो पोटावर टेकायचा!

कॅम्पाच्या दवाखान्यात सगळ्यांची लघवी तपासायची होती. उन्हाळ्यात साइटवर ग्लुकोज पावडरची पाकिटं वाटायचे, उन्हानं चक्कर येऊ नये म्हणून. माझ्या खिशात एक होतं. केरबा बाटली बाकड्यावर ठेवून हात धुवायला गेला, आणि मी त्यात दोन चिमट्या पावडर सोडली. बस्स!

डॉक्टर म्हणजे जॉर्ज डॉक्टर, केरळचा. माणूस बारीक, आवाज त्याहून बारीक. त्यानं पट्टी बाटलीत बुडवली आणि डोळेच मोठे केले. "केरबा! यह क्या है? तुम्हारे पेशाब में शरबत है!"

केरबा पांढराफटक. मी मागच्या रांगेत पोट धरून हसतोय. डॉक्टरनं खात्री करायला केरबाच्या बोटाला सुई टोचली, रक्त मशीनवर घेतलं. मी वाट बघतोय, की आता नॉर्मल येणार आणि मी पुढं होऊन सगळ्यांना गंमत सांगणार.

मशीनवर आकडा आला दोनशे ऐंशी.

केरबाला खरोखरच शुगर होती! डॉक्टरनं मान वर केली, मला बघितलं. "तुम क्यों हसता था? इधर आओ. उंगली दो."

माझी आली दोनशे साठ.

त्या दिवसापासून आम्ही दोघंही 'शुगर पार्टी'चे मेंबर.

*

पार्टीतला तिसरा आणि सगळ्यात मोठा मेंबर म्हणजे याकूबभाई. दापोलीच्या खाली, खाडीकाठच्या गावचा. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, पन्नास टनी क्रेनचा ऑपरेटर. क्रेन अशी चालवायचा, की हुकाला अंडं बांधलं तरी फुटणार नाही. आमची जोडी नऊ वर्षांची. तो वर, मी खाली. मी हात हलवायचो, तो क्रेनचा लांब हात, म्हणजे बूम, हलवायचा.

क्रेनवाल्याचं मेडिकल कडक असतं. जॉर्ज डॉक्टरनं याकूबभाईला समोर बसवून स्पष्टच सांगितलं, चार महिन्यांनी मेडिकल आहे. तोवर शुगर कंट्रोलमध्ये आली नाही तर क्रेन बंद. आणि क्रेन बंद म्हणजे फायनल एक्झिट. खलास!

दुसऱ्या कुणाला असं सांगितलं असतं तर तो घरी जायला मिळतंय म्हणून नाचला असता. पण याकूबभाईचं तसं नव्हतं. मेडिकलनंतर महिन्याभरात त्याची बायको, झुबेदावहिनी, भावाबरोबर गावाकडच्या टूरमधून मक्केच्या यात्रेला, उमऱ्याला येणार होती. याकूबभाईनं इथून बसनं मक्केला जायचं, तिला तिथं भेटायचं आणि दोघांनी मिळून उमरा करायचा, असा बेत. लग्नाला बावीस वर्षं झालेली. त्यातले एकत्र घालवलेले दिवस जोडले तर तीन वर्षंसुद्धा भरत नव्हती. हा एकटा बसनं मक्केला दोनदा जाऊन आला असता. गेला नाही. "झुबेदाबरोबरच जाईन," म्हणायचा.

म्हणजे बघा, हा इथून गेला की ती इकडे आणि हा तिकडे!

डॉक्टर म्हणाला, "रोज चलो. आधा घंटा. कॅम्प का फेन्स का छह राऊंड."

याकूबभाई दुखावला. "डॉक्टरसाब, मैं रोज बीस-बीस टन उठाता हूँ!"

डॉक्टर शांतपणे म्हणाला, "तुम नहीं उठाता. क्रेन उठाता. क्रेन को शुगर नहीं है."

*

आता चालायचं म्हटलं तर चालायचं कसं? आमच्याकडे काम नसताना चालणारा माणूस कुणी बघितलाय? पहिल्या दिवशी आम्ही तिघं कुंपणाच्या कडेनं निघालो, तर खोल्यांच्या दारात पन्नास माणसं उभी. "काय केरबाशेठ, वरात कुणाची?" केरबाची मान खाली. याकूबभाई तर असा चालायचा, जणू कुणाच्या घरात चोरून शिरलाय.

दुसऱ्या फेरीला सिक्युरिटीवाल्या पठाणानं अडवलं. तीन माणसं कुंपण न्याहाळत चाललीत म्हटल्यावर त्याला वाटलं, ही पळून जायला भोक शोधतायत!

"किधर भागता है?"

"भागता नहीं, खानसाब. चलता है."

"क्यों चलता है?"

शेवटी डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिली, शिक्का मारून. चालण्याची चिठ्ठी. ती खिशात ठेवून आम्ही चालायचो.

लोकांच्या चिडवण्यावर याकूबभाईनं मात्र स्वतःचा उपाय काढला. डोक्याला हेल्मेट, हातात क्लिपबोर्ड. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, साहेब इन्स्पेक्शन करतोय. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी आमचा फोरमन गाडीतून जाताना थांबला.

"याकूब! ड्यूटी पे है? बहुत अच्छा. गाडी में बैठो, एक लिफ्टिंग बाकी है."

बिचारा हेल्मेट-क्लिपबोर्डासकट ओव्हरटाइमला गेला. फोरमनला क्लिपबोर्डाची बातमी कुणी दिली असेल? मीच! आणि दुसरं कोण?

*

डॉक्टरचं दुसरं म्हणणं असं, की शुगर एकट्या माणसाला होत नाही, घराला होते. एकाच चुलीवरचं खाणं, एकाच तऱ्हेचं बसणं. तेव्हा घरच्यांनाही चालायला सांगा. केरबानं फोनवर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मी सकाळी शेतावर जाते, दुपारी येते, परत जाते. तुमच्या डॉक्टराला इकडं पाठवा, मीच त्याला चालवते." केरबानं फोन ठेवला. विषय संपला.

झुबेदावहिनींचं मात्र वेगळं. घर रस्त्याला लागून, नळ दारात, मुलगा-मुलगी शिकायला बाहेर. त्यांचीही शुगर काठावर आलेली. त्या चालायला तयार झाल्या, पण अडचण नवऱ्यासारखीच! रिकाम्या हातानं बाई रस्त्यानं निघाली तर दहा जण विचारणार, "कुठं गं?" आणि सांगणार काय? म्हणून त्यांनी काय केलं, तर हातात रॉकेलचा रिकामा कॅन घेतला. कुणी विचारलं तर रेशन दुकानावर निघाले म्हणायचं.

याकूबभाईनं हे आम्हाला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे इथं क्लिपबोर्ड आणि तिथं कॅन! शोभताय हो दोघं एकमेकांना!" तो लाजला. पण मनातून खूश झाला.

तर वहिनी निघाल्या कॅन घेऊन. पहिल्या दिवशी ठीक. दुसऱ्या दिवशी शेजारणीनं बघितलं आणि तिला वाटलं, रॉकेल आलं! तिनं आपला कॅन उचलला. तिचं बघून तिसरीनं. वहिनींनी मोहल्ल्याच्या टोकाला मागं वळून बघितलं, तर वीस-पंचवीस बाया कॅन घेऊन पाठीमागून येतायत! आता थांबायची सोय नाही. खरं सांगायची त्याहून नाही. वहिनी घाबरून भरभर चालायला लागल्या. त्या भरभर म्हटल्यावर मागच्या धावायलाच लागल्या!

रेशनवाला दुकान बंद करून जेवत होता. त्यानं खिडकीतून ती फौज बघितली आणि आतून कडी घातली.

वहिनी चार दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. पण पाचव्या दिवशी शेजारीणच दारात. म्हणाली, "झुबेदा, रॉकेल नाय तर नाय. पण त्या दिवशी रात्री मला अशी झोप लागली म्हणून सांगू! आज कुठं जायचं?"

मी हा किस्सा जॉर्ज डॉक्टरला हिंदीत सांगितला. तो हसला नाही. वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाला, "पच्चीस औरत? एक दिन में? मेरे को तो तीन आदमी नहीं मिलता."

*

मग आली पावलं मोजायची मशीन.

कंपनीनं आरोग्य सप्ताह केला आणि शुगरवाल्यांना काडेपेटीएवढं यंत्र वाटलं. कमरेच्या पट्ट्याला लावायचं, चाललं की आकडा वाढतो. आठवड्यातून एकदा डॉक्टर तो आकडा रजिस्टरमध्ये लिहून घ्यायचा. पण कॅम्पात संध्याकाळी पट्टा असतो कुणाला? सगळे लुंगीवर! याकूबभाईनं ते लुंगीच्या कडेला खोचलं. चौथ्या फेरीला यंत्र, लुंगी आणि याकूबभाईची इज्जत, तिन्ही एकदम खाली आली. बांगलादेशी मेसवाले टाळ्या वाजवत होते.

केरबाचं यंत्र मी एका शुक्रवारी वॉशिंग मशीनला चिकटपट्टीनं बांधलं. तीन घाणे कपडे धुऊन झाले. शनिवारी डॉक्टरनं आकडा वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला.

"केरबा, तुम रियाध गया था क्या? बत्हा मार्केट? पैदल?"

केरबाला काही कळेना. पण आकडा मोठा आहे एवढं कळलं. छाती काढून म्हणाला, "थोडा ज्यादा हो गया, साब!"

यावर आम्ही महिनाभर हसलो. केरबासुद्धा हसला. इथपर्यंतच्या खोड्यांची मला लाज नाही. पुढच्याची आहे.

*

याकूबभाईचा स्वभाव सरळ. क्रेनच्या केबिनमध्ये इंजिनाच्या हादऱ्यानं ते यंत्र आपोआप पावलं मोजायचं. दुसरा कुणी असता तर मनात म्हणाला असता, बरं झालं! याकूबभाई मात्र सकाळी क्रेनवर चढायच्या आधी यंत्र काढून माझ्या हातात द्यायचा. "बबन्या, हे तुझ्या टूलबॉक्समध्ये ठेव. वर नेलं तर खोटी पावलं पडतात. मला खोटी नकोत."

मी म्हणायचो, "निर्धास्त राहा."

आणि तो वर गेला की मी ते यंत्र माझ्या कमरेला लावायचो. रिगर म्हणजे दिवसभर पायावर! माझी सगळी पावलं याकूबभाईच्या खात्यात. आकडे बारीक, चष्म्याशिवाय त्याला वाचता यायचे नाहीत, आणि चष्मा तो साइटवर आणायचा नाही. म्हणून संध्याकाळी आकडाही मीच वाचून दाखवायचो.

"याकूबभाई, नऊ हजार!"

"नऊ? मी तर पहाटे फजरच्या नमाजनंतर फक्त तीन फेऱ्या मारल्या रे."

"तुझ्या टांगा केवढ्या लांब! यंत्राला वाटतं दोन माणसं चालतायत."

तो हसायचा. मला वाटायचं, महिनाभरानं फोडू आणि मजा बघू. शिवाय मनाची समजूतही घातली होती, की आकडा वाढलेला बघून म्हातारा खूश होतो, उत्साहानं चालेल.

झालं उलटं. आकडा वाढला तसा तो चालायचा थांबला! संध्याकाळी मी म्हणायचो चल, तर तो खाटेवर आडवा. "आज झाले की रे दहा हजार. पाय दुखतात." पाय माझे दुखत होते, आणि दुखतात असं तो म्हणत होता. मी खोलीबाहेर जाऊन हसून घेतलं. खरंच हसलो, लपवत नाही.

महिन्यानं रक्त तपासलं. याकूबभाईची शुगर पूर्वीपेक्षा जास्त. डॉक्टरनं रजिस्टर बघितलं, आकडे बघितले, कपाळाला हात लावला. "इतना चलता है, फिर भी? मतलब गोली कम पड़ता है." आणि गोळी दुप्पट केली.

मी तिथंच होतो. बाकावर. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. पण खोलीत केरबा होता, आणखी दोघं होते, आणि मी विचार केला, आत्ता सांगितलं तर मजा जाईल.

मजा! बघा, कुठला शब्द आला होता माझ्या डोक्यात.

*

गोळी वाढवल्यावर पाचव्या का सहाव्या दिवशी सकाळी लवकर लिफ्टिंग होतं. एक मोठा व्हॉल्व्ह पाइपरॅकवर चढवायचा. घाईत याकूबभाईनं गोळी घेतली, नाश्ता राहिला. म्हणाला, "हे एवढं उरकतो, मग खातो."

मी हुक लावला, खूण केली, माल वर गेला. रॅकच्या उंचीला आल्यावर मी खूण केली, की डावीकडे घे. बूम हलला नाही. पुन्हा खूण केली. नाही. वॉकी-टॉकीवर ओरडलो, "याकूबभाई, डावीकडे!" उत्तर नाही. दोन टनांचा व्हॉल्व्ह हवेत, खाली चार माणसं. त्यांना हाकललं आणि मी केबिनकडे धावलो. त्या दिवशी माझ्या कमरेला त्याचं यंत्र होतं, आणि ते टिकटिक मोजत होतं.

वर चढलो. याकूबभाई घामानं निथळत होता. दोन्ही हात लिव्हरवरून काढून मांडीवर ठेवलेले. क्रेनला लिव्हर सोडला की माल आहे तिथं थांबतो. डोकं जायला लागलंय हे कळल्यावर त्यानं शेवटचं काम तेवढं नीट केलं होतं. माझ्याकडे बघून गोड हसला आणि म्हणाला, "झुबेदा, दार लोट. वारा येतोय."

शुगर एकदम उतरलेली! मी खिशातलं ग्लुकोजचं पाकीट दातांनी फाडलं आणि पावडर त्याच्या गालात भरली. पाणी पाजलं. दहा मिनिटं गेली असतील. माझ्या जन्मात एवढी लांब दहा मिनिटं मी बघितली नाहीत. हळूहळू डोळे जाग्यावर आले. त्यानं आधी काय विचारलं असेल?

"व्हॉल्व्ह कुणावर पडला नाही ना?"

*

दुपारी दवाखान्यात डॉक्टरनं फाइल बंद केली. "गोली कम तो शुगर ऊपर, गोली ज्यादा तो नीचे. इसको मैं क्रेन नहीं दे सकता. मेडिकल में लिख देगा."

बाहेर आल्यावर याकूबभाई एवढंच म्हणाला, "झुबेदाला काय सांगू रे? तिच्या टूरचं सगळं ठरलंय."

त्याला खोलीवर सोडलं आणि मी परत दवाखान्यात गेलो. दार लावून घेतलं. माझं यंत्र आणि याकूबभाईचं यंत्र, दोन्ही टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. माझं हिंदी एरवी फाडफाड, त्या दिवशी एक वाक्य धड होईना. मध्येच मी सवयीनं हसलोसुद्धा. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला, तसं ते हसू आपोआप विझलं.

मला वाटलं ओरडेल, फोरमनला सांगेल, मला एक्झिट लावेल. लावायलाच पाहिजे होतं. पण त्या बारीक माणसानं रजिस्टर ओढलं, याकूबभाईच्या नावापुढचे पाच आठवड्यांचे आकडे एकेक करून पेनानं खोडले. खोडताना प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचला. "अठावन हजार. इकसठ हजार..." मी उभा.

मग म्हणाला, "मैंने यह नंबर देखके गोली लिखा. मेरा साइन है नीचे." आणि रजिस्टर मिटून, "गोली वापस कम करेगा. मेडिकल को छह हफ्ता है. रोज छह राऊंड. तुम उसके साथ चलेगा. हर राऊंड. एक राऊंड छूटा तो मैं सबको बोलेगा."

"आणि याकूबभाईला?"

"वह तुम बोलेगा."

मी हो म्हणालो. आणि सांगितलं नाही! आज सांगतो, उद्या सांगतो. लोकांची फजिती चार माणसांत करायला मला कधी वेळ लागला नाही. स्वतःची एका माणसापुढं करायला तोंड उघडेना.

*

सहा आठवडे आम्ही चाललो. फजरची नमाज झाली, की याकूबभाईच्या मोबाइलवर एक मिस्ड कॉल यायचा. वहिनींचा. म्हणजे त्या निघाल्या. तिकडे तेव्हा साडेसात-आठ वाजलेले. याकूबभाई उलट एक मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे तोही निघाला. मग आम्ही कुंपणाच्या कडेनं आणि त्या खाडीच्या कडेनं, बायांचा सगळा ताफा घेऊन. फेऱ्या संपल्या की परत एक कॉल. बोलणं काही नाही, खर्च काही नाही. याकूबभाई फोन खिशात ठेवताना म्हणायचा, "पोचली घरी."

चिडवणारे होतेच. एकजण म्हणाला, "बबन, आता काय, म्हाताऱ्याची सावली झालास?" एरवी मी त्याला सात पिढ्या ऐकवल्या असत्या. गप्प चाललो. केरबाला संशय आला. "तुला बरं नाही काय रे? दोन आठवड्यांत एक खोडी नाही!" तो खरोखरच घाबरला होता. माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

माझ्या टाचेला फोड आले. चौथ्या फेरीला लंगडायला लागलो तर याकूबभाई म्हणाला, "बस तू. मी मारतो राहिलेल्या दोन."

"नाही. चल."

"एवढं काय माझ्यापायी?"

आत्ता सांगावं, असं मनात आलं. आम्ही कोपऱ्यावर वळलो, पठाणानं सलाम केला, आणि ते राहून गेलं.

मेडिकलच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसलो. माझा नंबर नव्हता, तरी. याकूबभाई आत गेला तो बराच वेळ येईना. शेवटी दार उघडलं आणि डॉक्टरच बाहेर आला. माझ्याकडे बघितलं, कागद फडफडवला. "फिट." आणि आत जाताना हळूच, "बोला क्या उसको?"

मी मान हलवली. नाही.

*

याकूबभाई मक्केला गेला. मला तिकडे जाता येत नाही, माझ्या इकाम्यावर, म्हणजे राहायच्या परवान्यावर, धर्म लिहिलेला आणि तिथं फक्त मुसलमानांना सोडतात. बसच्या दारापर्यंत त्याची बॅग घेऊन गेलो एवढंच.

दहा दिवसांनी शुक्रवारी परत आला. डोक्याचा चकोट, चेहऱ्यावर असं तेज, की केरबा म्हणाला, "याकूबभाई, क्रेनचा हेडलाइट गिळलात काय?" खोलीत आम्ही तिघंच. त्यानं मक्केतल्या झमझमच्या विहिरीचं पाणी दिलं, खजूर काढला. केरबानं मूठभर उचलला तर म्हणाला, "एकच! डॉक्टरला सांगेन."

मग सांगत बसला. उमऱ्यात तिथल्या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा चालायचं असतं. वहिनी पुढं आणि हा मागं. "बावीस वर्षांत बाई पहिल्यांदा माझ्यापुढं चालली. मागं वळून म्हणते, चला की भरभर! तिथं व्हीलचेअरवाले होते. एक माझ्याजवळ आला, बाबा बसता का म्हणून. तिनंच त्याला हाकललं. म्हणाली, हे चालतात!"

केरबाचे डोळे भरले. मीही दुसरीकडं बघितलं.

"दुआ काय मागितलीत?" केरबानं विचारलं.

"एक पोरांसाठी. एक झुबेदासाठी. मग झुबेदा म्हणाली, बबनभाऊंसाठी पण मागा. त्यांनी तुम्हाला चालवलं, त्यांच्यामुळं आपण इथं आहोत."

"मग? मागितलीत?"

"मागितली की."

"काय?"

"म्हटलं, या अल्ला, आमच्या बबन्याला थोडी लाज दे."

केरबा एवढा हसला, की वरची खाट हलली. मीही हसलो. त्याच्यापेक्षा मोठ्यानं हसलो.

याकूबभाई हसला नाही. खजुराची बी काढून त्यानं कागदावर ठेवली, त्याचं यंत्र असायचं त्या माझ्या कमरेकडं एकदा बघितलं, खजूर माझ्या हातात दिला आणि विचारलं, "दुआ पोचली का रे?"